चौकावरचं आभाळ

(दहावीच्या 1996 च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

समोर बसलेल्या सगळ्या बाई आणि सर, शिपाई काका, आणि तीस वर्षांनी त्याच बाकांमध्ये मावण्याचा प्रयत्न करणाऱ्या माझ्या वर्गमित्र-मैत्रिणींनो,

संयोजकांनी मला फोनवर सांगितलं होतं, ‘तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस ना, मग एआयवर बोल. वीस मिनिटं. सगळ्यांना कळेल असं.’ मी हो म्हटलं, स्लाइडही केल्या. मग पंधरा दिवसांपूर्वी कार्यक्रमपत्रिका आली आणि तिच्याबरोबर तो पिवळा कागद आला. तुमच्या सगळ्यांच्या फोल्डरमध्ये आहे. शाळेच्या मधल्या चौकावर पत्र्याचं कायमचं छप्पर टाकायचं, बाजू बंद करायच्या, सभागृह करायचं आणि त्यासाठी आपल्या तुकडीने देणगी द्यायची. चहानंतर त्यावर हात वर करायचे आहेत.

तो कागद वाचला आणि एआय राहिलंच. एक माणूस डोक्यात येऊन बसला. त्यामुळे आज मी चार्ल्स कोरिया या वास्तुकाराबद्दल बोलणार आहे. संयोजकांची आधीच क्षमा मागते. एक गोष्ट आधी कबूल करते, मी वास्तुशास्त्र शिकलेली नाही. इमारतींबद्दलचं माझं शिक्षण म्हणजे पहिल्या वर्षाचं इंजिनिअरिंग ड्रॉइंग, आणि त्यात मला केटी लागली होती.

हे गृहस्थ मला भेटले लिस्बनला. म्हणजे ते नाही, त्यांची इमारत. 2017 मध्ये कंपनीच्या कामासाठी मी पाच आठवडे तिथे होते. एका रविवारी तिथला एक सहकारी मला शहर दाखवायला घेऊन गेला. आधी त्याने आल्वारो सिझा या त्यांच्या मोठ्या वास्तुकाराचं काम दाखवलं. 1998 च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेला पोर्तुगालचा मंडप. दोन बाजूंना दोन इमारती आणि मध्ये काँक्रीटचं छत, पण वाळत घातलेल्या चादरीसारखं झोळ पडलेलं. खाली भिंत नाही, दार नाही, काही नाही. लोक नुसते त्या सावलीत उभे होते. मग आम्ही बेलेमला गेलो. तेजो नदी जिथे समुद्राला मिळते तो हा भाग. वास्को द गामा 1497 मध्ये इथूनच निघाला होता. तिथे नदीकाठी शांपालिमो फाउंडेशनचं संशोधन केंद्र आहे, कर्करोगाचे उपचार आणि मेंदूवरचं संशोधन चालतं. फिक्या दगडाच्या गोलसर भिंती, त्यांना भलीमोठी गोल भोकं, आणि दोन इमारतींच्या मधून हळूहळू चढत जाणारा एक रस्ता. चढताना समोर फक्त आभाळ दिसतं. वर पोचलात की दोन उंच दगडी खांब, एक पाण्याचा तलाव, आणि त्या तलावाचं पाणी कुठे संपतं आणि समुद्राचं कुठे सुरू होतं ते कळत नाही. आत रुग्ण उपचार घेत बसतात तिथे त्यांच्यासमोर झाडांनी भरलेली बाग आहे, वर आभाळाला उघडी.

मी सहकाऱ्याला म्हटलं, ‘तुमचे हे सिझा फारच मोठे दिसतात.’ तो म्हणाला, ‘हे सिझांचं नाही, कोरियांचं आहे.’ मी म्हटलं, ‘तेही तुमचे मोठे दिसतात.’ त्यावर तो हसायला लागला आणि म्हणाला, ‘ते तुमचे आहेत.’

आडनावावरून माझी फसगत झाली होती. रात्री हॉटेलवर जाऊन शोधलं तर जन्म सिकंदराबादचा, 1 सप्टेंबर 1930. कुटुंब मूळ गोव्याचं. शिक्षण मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये, मग अमेरिकेत मिशिगन विद्यापीठ आणि एमआयटी. 1958 पासून मुंबईत स्वतःचं कार्यालय. पद्मविभूषण, ब्रिटनच्या रॉयल इन्स्टिट्यूटचं सुवर्णपदक. आणि खाली कामांच्या यादीत एक ओळ: आयुका, पुणे.

आयुका! अहो, तिथे तर आपल्याला नववीत नेलं होतं. शाळेच्या मुलांसाठी शनिवारची व्याख्यानं असायची, आठवतं? विज्ञानाच्या सरांनी दोन पीएमटी बस भरून नेल्या होत्या. बेलेमच्या त्या रस्त्यावर ‘असं काहीतरी आधी पाहिलंय’ असं मला का वाटत होतं, ते तेव्हा कळलं. आयुकाकडे मी पुन्हा येणारच आहे. आधी माणूस थोडा सांगते.

कोरियांना लहानपणी हॉर्नबीच्या खेळण्यातल्या आगगाड्यांचं वेड होतं. रूळ कसे मांडले तर गाडी कुठून कुठे जाईल, याच्या आकृत्या ते कागदावर काढत बसायचे. आपण वास्तुकलेकडे त्यातूनच आलो असं ते सांगायचे. मला हे फार पटलं, कारण आमच्या कामातही चांगली माणसं तीच असतात ज्यांना आधी ‘कोण कुठून कुठे जाणार’ हे दिसतं.

अमेरिकेत शिकून 1955 च्या सुमारास परत आले तेव्हा तिकडे काचेच्या पेट्यांचा जमाना सुरू झाला होता. बंद इमारत, आत यंत्राने थंड केलेली हवा. कोरियांना पहिलं मोठं काम मिळालं ते मात्र साबरमती आश्रमातलं, गांधीजींच्या संग्रहालयाचं. वय 28. त्यांनी काय केलं, तर सहा मीटर बाय सहा मीटरचे चौकोन घेतले. विटांचे खांब, वर कौलं. काही चौकोन भिंतींनी बंद केले, काही उघडेच ठेवले, मध्ये पाण्याचा चौक. काचेची खिडकी एकही नाही, लाकडी पट्ट्यांच्या झडपा आहेत. पुढे संग्रह वाढला तर आणखी चौकोन जोडता यावेत अशी मांडणी आहे. 1963 मध्ये ते पूर्ण झालं. तुम्ही अहमदाबादला गेलात तर जरूर बघा. माणूस आतून बाहेर आणि बाहेरून आत कधी येतो ते समजत नाही, आणि कुठेही ‘इमारत बघा इमारत’ असा आव नाही.

त्याच सुमारास अहमदाबादेतच त्यांनी कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी एक घर केलं, ‘ट्यूब हाउस’. रुंदी जेमतेम साडेतीन मीटर, लांबी अठरा. छप्पर दोन्हीकडून उतरतं आणि माथ्याला उघडी फट. तापलेली हवा उतरत्या छताच्या खालून वर सरकते आणि फटीतून निघून जाते, खालून नवी आत येते. पंखासुद्धा लागत नाही, छपराचा आकारच पंख्याचं काम करतो. पुढे 1995 मध्ये ते पाडलं गेलं. पण मला ते फार आवडतं, कारण त्यात गरिबाच्या घरासाठी ‘स्वस्त’ म्हणजे ‘वाईट’ असं गृहीत धरलेलं नाही.

त्यांच्या सगळ्या कामात फिरून फिरून एक गोष्ट येते: आभाळाला उघडी असलेली जागा. अंगण, चौक, गच्ची, पडवी, ओटा. त्यांचं म्हणणं असं, की थंड देशात भिंत आणि छप्पर हाच निवारा. बाहेर बर्फ पडतोय, तिथे दुसरं काय करणार? आपल्याकडे मात्र वर्षातला बराच काळ, दिवसातले बरेच तास, माणसाला खोलीपेक्षा झाडाखाली बरं वाटतं. सकाळी अंगण, दुपारी खोली, संध्याकाळी ओटा, रात्री गच्ची. आपले आजी-आजोबा असेच राहिले. मी लहानपणी आजोळी सदाशिव पेठेतल्या वाड्यात मे महिना काढलाय. वाळवणं चौकात, भांडण चौकात, पत्त्यांचा डाव चौकात, आणि झोपायला गच्ची. खोल्या दोनच होत्या, पण कमी पडल्याचं कुणाला आठवत नाही.

कोरियांनी हे गरिबांच्या बाजूने मांडलं. छोट्या घराला लागून अंगण असेल, तर ते अंगण ही त्या कुटुंबाची आणखी एक खोलीच असते, आणि तिला ना सिमेंट लागतं ना सळई. उंच इमारतीत हीच माणसं नेऊन ठेवली की ती खोली गेली. मग तिच्याजागी बांधलेली खोली द्यावी लागते आणि ती परवडत नाही. 1985 मध्ये त्यांचं ‘द न्यू लँडस्केप’ पुस्तक आलं, त्यात हे सगळं आहे. अगदी सोप्या भाषेत.

त्यांची एक न झालेली योजना मला सगळ्यांत जास्त आवडते, म्हणून तिच्यासाठी दोन मिनिटं घेते. 1968 च्या सुमाराची. मुंबईत फोर्टमधल्या फुटपाथवर दिवसा फेरीवाले बसतात आणि रात्री बेघर माणसं झोपतात. कोरिया म्हणाले, दोघांनाही हाकलू नका. फुटपाथच्या कडेने गुडघाभर उंचीचा एक ओटा बांधा, मध्ये मध्ये पाण्याचे नळ द्या. दिवसा त्यावर फेरीवाले बसतील आणि चालणाऱ्यांना फुटपाथ मोकळा राहील. संध्याकाळी नळ सोडून ओटा धुवायचा. रात्री तिथेच लोक झोपतील, कोरड्या, स्वच्छ जागेवर, गटाराच्या वर. एकच जागा, घड्याळाप्रमाणे वाटून दिलेली. आम्ही एक प्रोसेसर पन्नास कामांना असाच वाटून देतो आणि त्याला हुशारी म्हणतो. फुटपाथवर मात्र ते कुणी केलं नाही.

ते फक्त गरिबांसाठी काम करत होते असं नाही. मुंबईत पेडर रोडजवळची ‘कांचनजंगा’ पाहिली असेल तुम्ही. 28 मजले, फक्त 32 फ्लॅट. पांढरा चौकोनी उंच ठोकळा आणि त्याचे कोपरे चावून काढल्यासारखे. ते कोपरे म्हणजे दोन मजली उंचीच्या गच्च्या आहेत. मुंबईत वारा आणि समुद्र पश्चिमेला, पण संध्याकाळचं ऊन आणि पावसाची झोडही तिकडूनच. जुने बंगले यावर काय करायचे? घराभोवती पडवी फिरवायचे, म्हणजे ऊनपाऊस पडवीत अडतो आणि आत वारा येतो. कोरियांनी ती पडवी उचलली आणि आभाळात नेऊन ठेवली. बस्स, एवढंच केलंय तिथे.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. कोथरूडच्या माझ्या फ्लॅटला एक छान गच्ची होती. ताबा मिळाल्यावर सहा महिन्यांत आम्ही तिला सरकत्या काचा लावून घेतल्या. धूळ येते, कबुतरं येतात, शिवाय मुलाला अभ्यासाला जागा हवी. आता तिथे टेबल आहे, मे महिन्यात तिथे कुणी बसत नाही, म्हणून गेल्या वर्षी एसी लावला. ऑफिस काचेचं, तिथे मी एप्रिलमध्ये स्वेटर घालून बसते. तेव्हा मी कुणाला शहाणपण शिकवायला उभी नाही.

नव्या मुंबईची कल्पना मांडणाऱ्या तिघांत कोरिया एक. दुसरे दोघे, शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता. 1964-65 मध्ये त्यांनी म्हटलं, मुंबई दक्षिणेला चिंचोळी होत जाते, सगळ्या नोकऱ्या त्या टोकाला, मग लोकल फुटणारच. खाडीच्या पलीकडे नवं शहर करा. 1970 मध्ये सिडको झाली, पहिली चार वर्षं कोरिया तिचे मुख्य वास्तुकार होते. सरकारने मंत्रालय पलीकडे न्यावं ही त्यांची इच्छा होती. सरकार नरिमन पॉइंटलाच राहिलं आणि तिथेच भर टाकून आणखी ऑफिसं झाली. पुढचं तुम्हाला माहीतच आहे, तुमच्यातले निम्मे तरी कधी ना कधी त्या लोकलमधून लटकले आहेत.

पण त्या नव्या मुंबईत बेलापूरला त्यांनी 1983 ते 86 दरम्यान एक वसाहत केली, आर्टिस्ट्स व्हिलेज. सात घरं एका आठ मीटरच्या चौकाभोवती. अशा तीन गटांची मिळून 21 घरं, त्यांना आणखी थोडा मोठा चौक. अशा तीन तुकड्या, त्यांना त्याहून मोठं मैदान. असं वाढत वाढत साडेपाचशेच्या आसपास कुटुंबं. दोन घरांची भिंत कुठेही सामाईक नाही. का? तर पुढे कुणाला खोली वाढवायची असेल, मजला चढवायचा असेल, तर शेजाऱ्याला विचारायला नको. बांधकामही असं साधं, की गावातला गवंडी ते वाढवू शकेल.

मी दोन वर्षांपूर्वी मुद्दाम तिथे गेले. खरं सांगू? आधी निराशा झाली. उतरत्या छपरांची मूळची घरं थोडीच दिसली. बाकी ठिकाणी आरसीसीचे तीन मजले, ग्रॅनाइट, स्टीलचे कठडे, नक्षीची ग्रिलं. वास्तुशास्त्राच्या पुस्तकातला फोटो शोधत गेलेला माणूस तिथून चरफडत परत येईल. पण मी एका चौकात अर्धा तास बसले. एक आजोबा पेपर वाचत होते, दोन बायका मिरच्या निवडत होत्या, सायकल शिकणारा एक मुलगा तिसऱ्यांदा पडला आणि तिन्ही घरांतून माणसं बाहेर आली. घरं बदलली होती, चौक जसाच्या तसा होता. घरं बदलणार हे कोरियांना माहीतच होतं, त्यांनी तशी सोय करून ठेवली होती. आमच्याकडे एखादा प्रोग्रॅम चाळीस वर्षं चालला, सगळे भाग बदलले आणि मधला सांगाडा टिकला, तर त्याचा आम्ही सत्कार करू.

आता आयुका.

जयंत नारळीकर सर 1972 मध्ये केंब्रिज सोडून मुंबईला आले आणि 1988 मध्ये पुणे विद्यापीठाच्या आवारात हे खगोलशास्त्राचं केंद्र उभं करायला घेतलं. देशभरातल्या विद्यापीठांतल्या लोकांनी यावं, काम करावं, परत जावं अशी कल्पना. इमारतीचं काम त्यांनी कोरियांना दिलं. गेल्या वर्षी मे महिन्यात नारळीकर सर गेले, तेव्हा मी पुन्हा एकदा तिथे जाऊन आले.

बाहेरून दिसतात काळ्या भिंती. खाली आपला सह्याद्रीचा काळा पाषाण, खडबडीत. त्याच्यावर आणखी काळा कडप्पा. आणि सर्वांत वर चकचकीत काळा ग्रॅनाइट, त्यात ढगांचं प्रतिबिंब पडतं, त्यामुळे भिंत वर कुठे संपते ते नीट कळत नाही. रात्रीचं अवकाश काळं असतं, म्हणून हे काळं. आत गेलं की लंबक आहे, फूकोचा, पृथ्वी फिरते हे दाखवणारा. एका चौकाच्या फरशीत त्रिकोणात त्रिकोण, त्यात पुन्हा त्रिकोण अशी सिएरपिन्स्कीची रचना. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला रिकर्जन शिकवलं, म्हणजे स्वतःला स्वतःच बोलावणारा प्रोग्रॅम, तेव्हा वर्गात कुणाच्या डोक्यात शिरत नव्हतं. मला ती फरशी आठवली आणि कळलं.

आणि सगळ्याच्या मध्यभागी कुंड. देवळासमोरच्या कुंडासारखं, पायऱ्या उतरत जाणारं, पण पाण्याऐवजी हिरवळ आणि दगड. चार कोपऱ्यांत चार पुतळे: आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइन्स्टाइन. इमारतीच्या एका भागातून दुसऱ्या भागात जायचं तर हे कुंड वाटेत येतंच. खगोलशास्त्राच्या संस्थेत सगळ्यांत महत्त्वाची जागा कुठली, तर जिथे छप्पर नाही ती.

आपण नववीतली ऐंशी मुलं त्या कुंडाच्या पायऱ्यांवर डबे उघडून बसलो होतो. व्याख्यान कशावर होतं ते मला आठवत नाही, सर, माफ करा. पण मला हे आठवतं, की जेवून झाल्यावर आपल्यातले काही जण पायरीवर उताणे पडले आणि वर बघायला लागले. सर ओरडणार म्हणून आम्ही घाबरलो. आणि सर आले, त्यांनी चपला काढल्या, तेही आडवे झाले. पाच मिनिटं कुणी काही बोललं नाही. ऐंशी मुलं! त्या दिवशी दुपारचं कोरं आभाळ होतं, तारा एकसुद्धा नाही.

त्याच आवारात पुढे मुलांसाठी विज्ञान शोधिका झाली, पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीच्या मदतीने, आणि तिच्या इमारतीचं नाव ‘पुलस्त्य’. सप्तर्षींतला तारा आणि पुलंही. पुण्याबाहेर हा विनोद समजावून सांगावा लागतो.

कोरियांच्या इमारतींत सगळं छान आहे असं मी म्हणत नाही. उघडी जागा म्हणजे पाऊस, शेवाळ, पारवे आणि सतत देखभाल. पणजीच्या कला अकादमीत, जिथल्या दीनानाथ मंगेशकर कला मंदिरात मारिओ मिरांडांनी रंगवलेले प्रेक्षक भिंतीवर बसलेले आहेत, तिथे 2023 च्या जुलैत नूतनीकरण चालू असताना खुल्या रंगमंचावरचं छप्पर कोसळलं. कोरिया स्वतः 2015 च्या जूनमध्येच गेले होते. मांडवीकाठची ती इमारत ज्यांनी पाहिली आहे त्यांना ती बातमी वाचून घरातलं काही पडल्यासारखं वाटलं असेल.

तर, पिवळा कागद.

मुख्याध्यापक बाईंची अडचण खरी आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत प्रार्थना वर्गात घ्यावी लागते. गॅदरिंगला मांडवाचा खर्च दरवर्षी वाढतो. ईशान्येच्या कोपऱ्यात पाणी साचतं आणि काका खराट्याने ते लोटत बसतात, आपल्या वेळीही बसायचे. आज आपण दोन वर्गांमधली फळी काढून दाटीवाटीने बसलोय, म्हणजे सभागृह हवंच आहे. हे सगळं मला मान्य आहे.

पण काल दुपारी मी लवकर येऊन चौक टेपने मोजला. 21 मीटर बाय 17. भोवतालच्या दोन्ही मजल्यांवर मिळून 14 वर्ग आहेत. त्यांच्या रस्त्याकडच्या खिडक्या हॉर्नमुळे आणि धुरामुळे आता कायम बंद असतात, हे बाईंनीच सांगितलं. म्हणजे या 14 वर्गांचा उजेड आणि वारा फक्त चौकातून येतो. तापलेली हवा चौकातून वर निघून जाते, जशी त्या ट्यूब हाउसच्या फटीतून जायची. त्यावर पत्रा टाकून बाजू बंद केल्या, तर ती हवा पत्र्याखाली साचेल. एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा असते. दिवसाढवळ्या दिवे लागतील, मग पंखे, मग पुढच्या तुकडीकडे एसीसाठी देणगी मागावी लागेल. आणि पावसात पत्र्याचा आवाज किती होतो ते सायकल स्टँडखाली उभं राहिलेल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

माझ्याकडे दुसरी एक सूचना आहे, तिचा कागद पांढरा आहे, जाताना घ्या. रंगमंचाच्या बाजूला, चौकाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यावर, पक्कं उंच छप्पर, बाजू उघड्या. उरलेल्या तीन बाजूंना व्हरांड्याच्या पुढे दीड मीटर उतरती पडवी आणि तिला नीट पन्हळ, म्हणजे पावसातही मुलं रांगेत उभी राहतील. फरशीचा उतार सुधारायचा, ईशान्येच्या कोपऱ्यात जाळी आणि मोठा पाइप. मार्च ते मे वर ओढायला कापडाची सावली, गणपतीच्या मांडवासारखी, जूनमध्ये गुंडाळून ठेवायची. आपल्याच तुकडीतल्या एका सिव्हिल इंजिनिअर मित्राने ढोबळ हिशोब केलाय. खर्च पिवळ्या कागदापेक्षा कमी येतो, पण त्याने बजावलंय की ‘ढोबळ’ हा शब्द मोठ्याने म्हण, म्हणून म्हणते, ढोबळ. यात एक उणीव आहे. पावसाळ्यात पूर्ण शाळा एकत्र बसेल एवढी कोरडी जागा यात होत नाही. अर्धी शाळा बसेल. हे बाईंना चालेल का, ते त्यांनीच सांगायचं आहे, मी नाही.

माझी वीस मिनिटं कधीच संपली, घंटेजवळ काका उभे आहेत ते मला दिसतंय. चहा खाली चौकातच मांडलाय. मतदान वर येऊन करायचं असं ठरलं होतं, पण कप हातात असतानाच तिथे खाली केलं तर चालेल का, बाई?